वाचकांचे प्रश्न : नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर किती आणि वेळ किती?

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये विमानाच्या लांब पल्ल्याच्या प्रवासाविषयीची पत्रे बरीच होती. विदर्भाच्या खेड्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून शिकून बाहेर पडलेली मुले अमेरिकेत, युरोपात आणि आखातात स्थिरावली आहेत, त्यांच्या भेटीला निघालेल्या आई-वडिलांचे हे प्रश्न आहेत. काही प्रश्न शाळेच्या वर्गातून आलेले आहेत. पत्रे संक्षिप्त करून आणि नावे गाळून येथे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतात. या हिवाळ्यात आम्ही उभयता प्रथमच तिकडे जाणार आहोत. एका संकेतस्थळावर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर १३,१०० किलोमीटर आणि वेळ साडेचौदा तास असे दिसले. मुलाने मात्र दोन पर्याय कळवले आहेत : दिल्लीमार्गे एकूण २३ तास आणि दोह्यामार्गे २६ तास. शिवाय दिल्लीच्या तिकिटावर पहाटे ४ वाजता निघून त्याच दिवशी सकाळी साडेसहाला पोहोचणार असे छापले आहे. यांतला कोणता आकडा खरा मानावा? — एक शेतकरी वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : आपण लिहिलेले सर्व आकडे बरोबर आहेत, परंतु प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. १३,१०० किलोमीटर हे सोनेगावचा विमानतळ आणि सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ या दोन बिंदूंमधील, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर आहे. त्या मार्गाने कोणतेही प्रवासी विमान थेट जात नाही. संकेतस्थळ दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेते, त्यांवरून अंतर काढते आणि त्या अंतराला ताशी सुमारे ९०० किलोमीटर या वेगाने भागते. १३,१०० भागिले ९०० म्हणजे साडेचौदा तास. काही संकेतस्थळे वेग थोडा कमी धरतात आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात, म्हणून त्याच दोन शहरांसाठी दुसरीकडे साडेसोळा तास दिसले तरी आश्चर्य वाटू देऊ नये. या हिशेबात वारा, वळसा आणि थांबा यांपैकी काहीही धरलेले नसते. कोणते शहर किती दूर आहे याचा अंदाज येण्यापुरता तो उपयोगी आहे, प्रवासाचे नियोजन त्यावर करू नये.

आता प्रत्यक्ष मार्ग पाहू. नागपूर–दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. दोन्ही मिळून १३,२५० किलोमीटरच्या आसपास होतात. म्हणजे दिल्लीला जाण्याने अंतर जेमतेम दीडशे किलोमीटरने वाढते, कारण नागपूरहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग मुळात उत्तरेकडेच निघतो. मुंबईमार्गे गेल्यास आधी ६८० किलोमीटर पश्चिमेला जावे लागते आणि तेथून पुढे १३,५०० किलोमीटर राहतात. बेरीज सुमारे १४,२०० किलोमीटर होते. नागपूरहून दोह्याला गेली काही वर्षे थेट विमान राहिले आहे. ते अंतर २,८४० किलोमीटर आहे आणि दोह्याहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे एकूण १५,८०० किलोमीटरच्या वर. अमेरिका पश्चिमेला आहे अशी आपली समजूत असते, त्यामुळे दोह्याकडे जाणे म्हणजे थोडे तरी पुढे सरकणे असे वाटते. वस्तुतः दोह्याला उतरल्यावर सॅन फ्रान्सिस्को नागपूरपासून जितके दूर होते जवळजवळ तितकेच दूर राहिलेले असते.

नागपूर–दिल्ली विमानाला वेळापत्रकात पावणेदोन तासांच्या आसपास आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाला साधारण सोळा तास दिलेले असतात. हे अठरा तासांच्या आत होते. आपल्या २३ तासांतील उरलेले पाच तास दिल्लीच्या विमानतळावरील प्रतीक्षेचे आहेत. दोह्यामार्गे दोन्ही उड्डाणांचे मिळून सुमारे वीस तास आणि प्रतीक्षेचे सहा. वेळापत्रकातील उड्डाणाची वेळ ही विमान हवेत असण्याचीच वेळ नसते, हेही लक्षात असू द्यावे. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबते तोपर्यंतचा काळ त्यात मोजतात. धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उंची गाठेपर्यंतचा कमी वेग, उतरण्यापूर्वी आकाशात घेतलेली घिरटी, हे सर्व त्यात येते. थोड्या अंतराच्या प्रवासात या गोष्टींचा वाटा मोठा असतो, म्हणूनच ६८० किलोमीटरच्या नागपूर–मुंबई प्रवासाला ९००च्या वेगाने पाऊण तास लागायला हवा असताना वेळापत्रकात दीड तास किंवा त्याहून अधिक दिसतो.

पहाटे ४ ला निघून सकाळी ६.३० ला पोहोचण्याचे कोडे स्थानिक वेळेचे आहे. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची छापण्याचा जगभर नियम आहे. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. शनिवारी पहाटे ४ वाजता निघालात आणि सोळा तासांनी उतरलात, तर आपल्या घड्याळात शनिवारचे रात्रीचे ८ वाजलेले असतील. त्यांतून साडेतेरा तास वजा करा, सकाळचे ६.३० येतात. अमेरिकेतील बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेबारा तासांचा असतो.

वेळेच्या फरकाची आकडेमोड नको असेल, तर जाण्या-येण्याचे तिकीट समोर घेऊन एक सोपा हिशेब करता येतो. जाताना छापील वेळांतील अंतर अडीच तास दिसते. परतताना शनिवारी सकाळी १० ला निघालेले विमान सोळा तास घेऊन दिल्लीत रविवारी दुपारी साडेतीनला उतरते, म्हणजे कागदावर साडेएकोणतीस तास दिसतात. दोन्हींची बेरीज ३२ तास आणि तिचे निम्मे १६ तास. एका बाजूला कमी झालेले साडेतेरा तास दुसऱ्या बाजूला वाढलेले असतात, त्यामुळे बेरजेत ते नाहीसे होतात आणि एका फेरीचा सरासरी खरा वेळ हाती येतो. जाण्या-येण्याच्या मधल्या काळात दोन्हींपैकी कोणत्याही गावचे घड्याळ बदलले नसेल, तर जगातील कोणत्याही दोन विमानतळांसाठी हा हिशेब चालतो.

माझे मत विचाराल तर पहिल्या प्रवासासाठी दिल्लीमार्ग बरा, कारण भाषा ओळखीची आणि अंतर कमी. मात्र डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला दाट धुके पडते आणि सकाळची विमाने तासन्‌तास खोळंबतात, म्हणून त्या महिन्यांत मधली प्रतीक्षा पाच तासांपेक्षा कमी ठेवू नये. मुलाने शोधलेले २३ तासांचे तिकीट या दृष्टीने योग्य आहे.

प्रश्न : आमच्या वर्गात विद्यार्थ्यांनी भिंतीवरील जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून दूरच्या दोन शहरांमधील अंतर मोजले आणि नंतर तेच अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजले. दोन्ही उत्तरांत मोठी तफावत आली. पट्टीने दाखवलेला मार्ग आणि दोऱ्याने दाखवलेला मार्गही वेगवेगळ्या देशांवरून जातो. विद्यार्थ्यांना काय सांगावे? — एक शिक्षिका, तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर

उत्तर : बाई, दोरा बरोबर आहे असे निःशंकपणे सांगावे. गोलावर ताणलेला दोरा आपोआप बृहद्वृत्तावर बसतो, म्हणजे पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या पातळीने गोलाचे दोन समान भाग केले असता जे वर्तुळ मिळते त्या वर्तुळावर. गोलावरील दोन बिंदूंमधील कमीत कमी अंतर याच वर्तुळाच्या कंसावर असते. विषुववृत्त आणि सर्व रेखावृत्ते बृहद्वृत्ते आहेत. विषुववृत्ताखेरीज इतर अक्षवृत्ते मात्र नाहीत. भिंतीवरच्या सपाट नकाशात उत्तर-दक्षिणेकडील प्रदेश ताणले गेलेले असतात, त्यामुळे एका प्रमाणाने सर्वत्र मोजणे शक्यच नसते.

वर्गात करण्यासाठी एक उदाहरण सुचवतो. नागपूर सुमारे २१.१ उत्तर अक्षांशावर आहे आणि प्रशांत महासागरातील हवाई बेटांवरचे होनोलुलू २१.३ उत्तर अक्षांशावर, म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर. नकाशावर पाहणारा कोणीही म्हणेल की नागपूरहून नाकासमोर पूर्वेला गेले की होनोलुलू येईल. ते खरे आहे, येईलच. पण अक्षवृत्त धरून गेल्यास सुमारे १२,७५० किलोमीटर पडतात आणि बृहद्वृत्तावरून गेल्यास सुमारे १२,२४०. हा जवळचा मार्ग नागपूरहून ईशान्येला निघतो, चीनवरून वर चढत ३९ उत्तर अक्षांशापर्यंत पोहोचतो आणि मग उतरत हवाईला येतो. पाचशे किलोमीटरची ही बचत आहे. याउलट जेद्दाही २१.७ उत्तर अक्षांशावर आहे, परंतु नागपूरपासून ४,१०० किलोमीटरच दूर असल्याने दोन्ही मार्गांत दहा-बारा किलोमीटरचाच फरक पडतो. अंतर वाढत जाते तशी पृथ्वीची गोलाई हिशेबात अधिकाधिक शिरते, हे या दोन उदाहरणांवरून विद्यार्थ्यांना स्वतः मोजून कळेल.

शाळेतील पृथ्वीगोल ३० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर भरतो आणि तो पृथ्वीचे सुमारे ४०,००० किलोमीटर दाखवतो. म्हणून दोऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणा, तो ३१ सेंटिमीटरच्या जवळपास भरेल आणि हिमालय, तिबेट, पूर्व सायबेरिया, आर्क्टिकचा किनारा, अलास्का असा जाईल. विद्यार्थ्यांना हेही विचारावे की पृथ्वीवर एका ठिकाणापासून दुसरे ठिकाण जास्तीत जास्त किती दूर असू शकते. परिघाचे निम्मे म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटर हेच त्याचे उत्तर आहे. सध्या नियमित चालणाऱ्या सर्वांत लांब विनाथांबा सेवांमध्ये अग्रभागी असलेली सिंगापूर–न्यूयॉर्क ही सेवा सुमारे १५,३०० किलोमीटरची असून तिला अठरा तासांहून अधिक वेळ लागतो.

अधिक काटेकोर मोजायचे तर पृथ्वी पूर्ण गोल नाही हेही धरावे लागते. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवावर ६,३५७ किलोमीटर आहे. संकेतस्थळे बहुधा ६,३७१ ही सरासरी त्रिज्या घेतात. त्यामुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आतली असते. अर्धा टक्का म्हणजे १३,००० किलोमीटरमागे ६५ किलोमीटर. दोन संकेतस्थळांवरील अंतरे थोडी निराळी दिसण्याचे हे कारण आहे.

येथे विदर्भातील वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते की पृथ्वीच्या या आकाराचा शोध आपल्या भूमीशी फार जवळून जोडलेला आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सर्वेक्षण सुरू केले आणि कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ७८ व्या रेखावृत्ताच्या आसपास त्रिकोणांची साखळी नेली. एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ किती आणि उत्तरेकडे किती, हे मोजून पृथ्वीचा नेमका आकार ठरवणे हा त्यांचा मोठा हेतू होता. आज आपण जाणतो की ही लांबी विषुववृत्ताजवळ ११०.६ किलोमीटर आणि ध्रुवाजवळ १११.७ किलोमीटर असते. एवढा सूक्ष्म फरक त्यांना डोंगर, झाडी आणि तापाच्या साथी यांमधून मोजत जायचे होते. हे काम चालू असताना, हैदराबादहून नागपूरकडे येत असता, जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि तेथेच त्यांना दफन करण्यात आले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. आपल्या शाळेची सहल वर्धा जिल्ह्यात जाणार असेल तर हिंगणघाट तिच्यात अवश्य घ्यावे. दोन विमानतळांमधील अंतर आज क्षणात काढता येते, त्याच्या मुळाशी अशा मोजण्या आहेत.

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत शिकतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, कारण गावच त्याच्याकडे येत असते. प्रत्यक्षात लंडनला जायला जास्त आणि परत यायला कमी वेळ लागतो असे वाचले. असे उलट का? — एक विद्यार्थी, कारंजा, जिल्हा वाशीम

उत्तर : तुझा प्रश्न चांगला आहे. नागपूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. परंतु तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत उडते. वैनगंगेच्या पुरात डोंगा हाकणाऱ्याला जसा पाण्याचाच वेग आधी विचारात घ्यावा लागतो, तसे विमानाला भोवतीच्या हवेचा वेग विचारात घ्यावा लागतो. पृथ्वी फिरते म्हणून वेगळा नफा-तोटा होत नाही.

ही हवा मात्र जमिनीच्या तुलनेत स्थिर नसते. विमाने जेथे उडतात तेथे, साधारण १० ते १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि वेगवान जेट प्रवाह असतात. उष्ण कटिबंध आणि ध्रुवीय प्रदेश यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे परिवलन या दोन कारणांनी ते निर्माण होतात, म्हणजे परिवलनाचा परिणाम आहेच, पण तो वाऱ्याच्या वाटेने होतो. हिवाळ्यात तापमानातील फरक वाढतो आणि प्रवाहही जोरदार होतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. आपल्याकडे पावसाळ्यात दक्षिण भारतावर याहून अधिक उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा जेट प्रवाह असतो. त्याचा शोध भारतीय शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात लावला.

हिशेब करून पाहा. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ४,००० किलोमीटर जायचे आहे. पाठीमागून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर ४ तास लागतात, समोरून असेल तर ५ तास. जाऊन-येऊन ९ तास होतात. वारा नसता तर ८ तास ५३ मिनिटे झाले असते. म्हणजे जाताना झालेले नुकसान परत येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण विमान उलट्या वाऱ्यात अधिक काळ राहते. हे तू बीजगणिताने सिद्ध करून पाहा.

वाऱ्याची ताकद किती असते याची दोन उदाहरणे देतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचे एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासाला सहा तासांहून अधिक लागतात. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. तो मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे आधीच्या मार्गापेक्षा हजाराहून अधिक किलोमीटरने लांब होता, तरीही पाठीमागच्या वाऱ्यामुळे ते विमान सुमारे साडेचौदा तासांत पोहोचले. विमान कंपनीला कमीत कमी वेळ आणि कमीत कमी इंधन हवे असते, आणि तो मार्ग दर दिवशी वाऱ्याचा अंदाज पाहून नव्याने ठरवला जातो.

प्रश्न : मुंबई नागपूरहून जितकी दूर आहे त्यापेक्षा अमरावतीहून जवळ आहे. मग विमानाला वेळ कमी का लागत नाही? — एक वाचक, अचलपूर

उत्तर : बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेली मुंबई सेवा पंख्याच्या एटीआर विमानाने चालते. अमरावती–मुंबई हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर आहे, पण हे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच जाते. नागपूरचे जेट विमान त्याच्या दीडपटीहून अधिक वेगाने जाते. त्यामुळे वेळ जवळजवळ सारखा पडतो. अचलपूरहून नागपूर गाठण्याचे तास धरले तर मात्र बेलोरा निश्चितच सोयीचे आहे. रेल्वेने नागपूर–मुंबई ८३७ किलोमीटर आहे, हेही तुलनेसाठी येथे नोंदवतो.

प्रश्न : अमेरिकेला जाणारी काही विमाने मध्येच इंधनासाठी उतरतात, काही देश आपले आकाश बंद करतात, असे बातम्यांत येते. असे झाल्यास छापील वेळेवर विश्वास ठेवावा का? — एक निवृत्त कर्मचारी, पुसद, जिल्हा यवतमाळ

उत्तर : ही शंका रास्त आहे. प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरील आकाशावर अधिकार असतो आणि परवानगीशिवाय तेथून जाता येत नाही. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या भारतीय विमानांना मग दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो, अधिक इंधन न्यावे लागते, आणि ते न पुरल्यास अमेरिकेच्या वाटेवर युरोपात एखादा थांबा घ्यावा लागतो. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना आकाश बंद केल्यावर हेलसिंकी–टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. दोन शहरांमधील अंतर किंचितही बदललेले नव्हते.

आकाश खुले असूनही टाळला जाणारा प्रदेश म्हणजे तिबेटचे पठार. त्याची सरासरी उंची ४,५०० मीटरच्या आसपास आहे. विमानातील हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतील प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. तिबेटवर तेवढे खाली येण्यास जागाच नाही. नागपूर–सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा नेमका याच पठारावरून जातो, म्हणून खरे विमान त्याला वळसा घालते.

विमानाची क्षमता ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू हे विमान उत्तर ध्रुवावरून आणले. त्या दोन शहरांमधील सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे, म्हणजे नागपूर–सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जास्तच. नागपूरहून असे थेट विमान नाही, कारण ते रोज भरण्याइतके प्रवासी येथून नाहीत.

छापील वेळेवर विश्वास ठेवावा, पण तिकीट घेतल्यावर एकदाच पाहून थांबू नये. प्रवासाच्या आठ दिवस आधी, आदल्या दिवशी आणि घरून निघताना ती पुन्हा तपासावी. मार्ग बदलला की कंपन्या वेळापत्रकही बदलतात आणि तसा संदेश ज्या क्रमांकावरून तिकीट काढले त्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक बहुतेक वेळा अमेरिकेतल्या मुलाचा असतो, म्हणून आपला क्रमांकही तिकिटावर नोंदवून घ्यावा.

प्रश्न : आमच्या तिकिटावर विमानाची वेळ रविवार ००.४० अशी आहे. घरात दोन मते पडली आहेत. विमानतळावर शनिवारी जायचे की रविवारी? आणि गावातून किती वाजता निघावे? — एक गृहिणी, तालुका नेर, जिल्हा यवतमाळ

उत्तर : ताई, शनिवारी रात्रीच पोहोचायचे. ००.४० म्हणजे शनिवारची मध्यरात्र उलटून चाळीस मिनिटे झालेली असतात, आणि तारीख रविवारची लागलेली असते. रविवारी रात्री गेल्यास विमान निघून गेल्याला जवळजवळ एक दिवस झालेला असेल. मध्यरात्रीनंतरच्या विमानांबाबत ही गफलत सर्वाधिक होते आणि तिची किंमत फार मोठी असते, म्हणून तिकीट हाती आल्याबरोबर त्यावर ‘शनिवारी रात्री ९ वाजता विमानतळावर’ असे हाताने लिहून ठेवावे.

निघण्याची वेळ नेहमी उलटी मोजत यावी. परदेशी विमानाच्या तीन तास आधी विमानतळावर असावे लागते. ते विमान दिल्ली किंवा मुंबईहून असेल तर नागपूरचे विमान तेथे त्याच्याही आधी तास-दोन तास उतरेल असे पाहावे. त्यामागे नागपूरच्या उड्डाणाचा वेळ, त्यामागे सोनेगावला दोन तास आधी पोहोचणे, आणि त्यामागे नेर ते नागपूर हा रस्ता. ००.४० च्या दिल्लीच्या विमानासाठी हा हिशेब दुपारी बाराच्या सुमारास घर सोडण्यापर्यंत मागे येतो. पावसाळा असेल तर आणखी दोन तास हाताशी ठेवावेत किंवा आदल्या दिवशी नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा, ते अधिक चांगले.

दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत ना, हे जरूर पाहावे. एकच तिकीट असेल तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची व्यवस्था करणे विमान कंपनीकडे येते, आणि सामान बहुधा नागपूरलाच शेवटच्या ठिकाणापर्यंत लावून मिळते. वेगवेगळी तिकिटे थोडी स्वस्त पडतात, परंतु पहिले विमान चुकले तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. प्रथमच जाणाऱ्यांनी ती घेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन.

परतीच्या वेळी सामान्यतः दिल्लीतच सामान ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर यावे लागते आणि नागपूरच्या विमानासाठी ते पुन्हा द्यावे लागते, म्हणून तेथे किमान चार तास ठेवावेत. सॅन फ्रान्सिस्कोहून शनिवारी सकाळी निघालेले विमान दिल्लीला रविवारी दुपारी उतरते; तेव्हा घ्यायला येणाऱ्यांना नागपूरची वेळ कळवताना रविवार रात्रीची कळवावी आणि वारासोबत तारीखही सांगावी.